न्हाणीघरातला हिशेब

वैशाखाच्या उन्हात आंघोळीच्या गरम पाण्यावर व्याख्यान देणे कुणाला विनोद वाटेल. पण हा विषय काढायला हाच महिना योग्य, असे आमचे मत आहे. पौषातल्या पहाटे गीझर बंद पडला म्हणजे विचाराला सवड नसते. कुणाची पहिली पाळी असते, मुलांची शाळा असते, आजींचे सांधे धरलेले असतात. अशा वेळी दुकानदार म्हणेल ते यंत्र आणि मिस्त्री दाखवील ती जागा, असा निकाल तासाभरात लागतो. आणि तो निकाल पुढे दहा-बारा वर्षे घराच्या भिंतीवर टांगलेला राहतो. तहान लागल्यावर विहीर खणू नये हे आपण सगळेच जाणतो. गरम पाण्याची विहीर उन्हाळ्यातच खणलेली बरी.

आम्ही काही इंजिनियर नव्हे. पगारपत्रक, महागाईभत्ता आणि बोनस यांच्या आकडेमोडीत आमची उमेद गेली. त्या सवयीने जे कळले तेवढेच येथे मांडतो. जुने यंत्र काढून नवे घेताना तीन प्रश्न विचारायचे, आणि ते ह्याच क्रमाने: ह्या यंत्राने कुणाच्या जिवाला धोका आहे काय? आपल्या घराला खरोखर किती गरम पाणी लागते? आणि मग, त्याला खर्च किती? दुकानात हा क्रम नेमका उलटा होतो, आणि सगळी गफलत तेथेच आहे.

प्रथम आपल्या जुन्या बंबाकडे पाहू. पुण्याच्या तांबट आळीत ठोकलेला तांब्याचा बंब पुष्कळांच्या आठवणीत असेल. मधोमध उभी नळी, तळाशी जाळी, नळीत विस्तव आणि भोवती पाणी. वरून थंड पाणी ओतावे की तोटीतून कढत पाणी बाहेर पडे. विस्तव पाण्याच्या पोटात, म्हणजे उष्णतेला चहूकडून पाणीच भेटते. ही रचना करणारा कारागीर शाळेत गेला नसला तरी त्याला शास्त्र कळत होते. पण बंबाचा हिशेब आपण कधी नीट मांडला नाही. लाकडाच्या ढलप्या, शेणी, नारळाच्या शेंड्या, हे जळण घराला फुकट वाटे, कारण ते गोळा करणारीची मजुरी कुणी धरत नसे, आणि पहाटे चारला उठून धूर खाणारीची तर नाहीच नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बंब पेटे तो परसात, पडवीत किंवा कौलारू मोरीत. कौलांच्या फटींतून हवा खेळत असे. पुढे घर बदलले; वर स्लॅब आली, दाराला रबर आले, खिडकीला सरकती काच आली. विस्तव मात्र काहींच्या घरी आतच राहिला. ह्या वाक्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

आता किती पाणी लागते ते पाहू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. एवढे एक सूत्र पाठ असले म्हणजे दुकानातल्या निम्म्या जाहिराती वाचण्याची गरज उरत नाही. समजा घरात पाच माणसे आहेत आणि प्रत्येकाला 20 लिटर, म्हणजे एक मोठी बादली, सोसवेल असे गरम पाणी लागते. थंडीत नळाचे पाणी 20 अंश धरा, अंगावर घ्यायचे 42 अंश. वाढ झाली 22 अंशांची. म्हणजे प्रत्येकी 440 किलोकॅलरी आणि पाच माणसांच्या मिळून 2200. विजेच्या एका युनिटात 860 किलोकॅलरी असतात. तेव्हा पाच माणसांच्या आंघोळीला सुमारे अडीच युनिटे वीज पुरते. पाणी 60 अंशांपर्यंत तापवून विसण घाला की 42 पर्यंतच तापवा, अंगावर पडणारी उष्णता तेवढीच. कोणतेही यंत्र ह्या आकड्याच्या खाली जाऊ शकत नाही. फरक पडतो तो गळतीत आणि इंधनाच्या भावात.

हाच हिशेब गॅसचा करू. एक किलो गॅसमध्ये सुमारे 11,000 किलोकॅलरी असतात. चांगल्या गीझरमध्ये त्यांतल्या शंभरांतल्या ऐंशी पाण्यात उतरतात असे धरले, तर आपल्या 2200 साठी रोज पाव किलो गॅस जळतो. म्हणजे 14.2 किलोचे घरगुती सिलिंडर केवळ आंघोळीला सुमारे 57 दिवस पुरेल. तेवढ्याच दिवसांत विजेवर 145 युनिटे लागतील, आणि टाकीतून वाया जाणारी उष्णता धरली तर 160 च्याही पुढे. तेव्हा घरी जाऊन एका कागदावर सिलिंडरचा आजचा भाव लिहा आणि दुसऱ्या बाजूला 160 युनिटांची किंमत लिहा. मात्र ती किंमत काढताना एक खबरदारी घ्या. विजेच्या बिलात पहिल्या 100 युनिटांचा दर वेगळा असतो, त्यापुढचा चढा असतो आणि 300 च्या वरचा त्याहून चढा. दिवे, पंखे आणि फ्रिज तर चालणारच आहेत. गीझरची युनिटे त्यांच्या डोक्यावर येऊन बसतात, म्हणून ती बिलातल्या सर्वांत वरच्या पायरीच्या दराने मोजावीत. सरासरी दराने मोजाल तर गीझर आहे त्याहून स्वस्त भासेल.

विजेच्या गीझरमध्ये दोन जाती. तीन लिटरचा झटपट तापवणारा आणि 15 किंवा 25 लिटरांच्या टाकीचा. झटपट गीझर 3 किलोवॅटचा असतो. वरच्या सूत्राने पाहिले तर त्याच्यातून 25 अंश वाढीचे पाणी मिनिटाला पावणेदोन लिटरांच्या आत-बाहेर येते. भांडी धुवायला, दाढीला तो उत्तम. थंडीत बादलीखाली लावला तर दहा-बारा मिनिटे थांबावे लागते. टाकीच्या गीझरचा हिशेब निराळा. 15 लिटर पाणी 60 अंशांवर असले तर विसण घालून त्याचे साधारण 27 लिटर होते. म्हणजे एक माणूस न्हाला आणि दुसऱ्याची तयारी अर्धवट राहिली. 25 लिटरांच्या टाकीत दोघे निभतात. पुन्हा पाणी तापायला 2 किलोवॅटच्या कॉइलला लहान टाकीत वीसएक मिनिटे लागतात, मोठ्या टाकीत पस्तीस. पाच माणसांच्या घरात लहान टाकी घेतली म्हणजे कुणाला तरी कोमट पाण्यावर भागवावे लागते. ते कुणाला, हे सांगण्याची गरज नाही. जी सर्वांचे डबे भरून शेवटी न्हाणीघरात शिरते तिला. म्हणून यंत्र निवडताना पाकीट धरणाऱ्याचे मत घ्यावेच. पण शेवटी आंघोळ करणाऱ्या माणसाचे आधी घ्यावे.

गीझर तापेनासा झाला म्हणजे तो फेकलाच पाहिजे असे मात्र नाही. पाणी तापत नसेल तर बहुधा कॉइल जळलेली असते किंवा थर्मोस्टॅट बिघडलेला असतो. हे दोन्ही भाग बदलता येतात, आणि नव्या गीझरच्या मानाने त्यांचा खर्च थोडा. टाकीच गळू लागली तर मात्र यंत्राचे आयुष्य सरले असे समजावे. बोअरचे जड पाणी असेल तर कॉइलवर क्षारांचा पांढरा थर बसतो. थर जाड झाला की उष्णता पाण्यात उतरत नाही, कॉइल आतल्या आत भाजून निघते. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. गंजाचा मार ती आपल्या अंगावर घेते आणि टाकीला वाचवते. ती झिजण्यासाठीच असते. दर दोन वर्षांनी वायरमनकडून कांडी पाहून घेतली आणि क्षार काढून घेतले तर गीझर दुप्पट टिकला तरी आश्चर्य नाही. नवा घेताना आय.एस.आय.ची खूण पाहावी, आणि तारे मोजावेत. ते तारे काय सांगतात? पाणी तापवण्याला किती वीज लागते हे नव्हे. तापलेले पाणी नुसते उभे असताना चोवीस तासांत किती उष्णता वाया जाते, हे सांगतात. तेव्हा आंघोळीच्या आधी अर्धा तास गीझर लावून नंतर बंद करणाऱ्या घराला ताऱ्यांचा फायदा थोडा. बटण दिवसभर चालू ठेवणाऱ्याला मोठा.

विजेचा धोका सर्वांना ठाऊक आहे, तरीही तो टाळला जात नाही. 3 किलोवॅटचा गीझर 13 अँपिअर वीज ओढतो. जुन्या चाळीतल्या दिव्याच्या तारेवर तो जोडणे म्हणजे भिंतीत निखारा पुरणे होय. त्याला स्वतंत्र जाड तार, 16 अँपिअरचे बटण आणि खरी अर्थिंग पाहिजे. सॉकेटला तीन भोके आहेत एवढ्याने अर्थिंग होत नाही. 30 मिलिअँपिअरला तुटणारी आर.सी.सी.बी. बसवली तर गळणारी वीज माणसाला धरून ठेवण्यापूर्वी क्षणार्धात तोडली जाते. गीझरच्या वरचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह थेंब थेंब गळतो म्हणून कुणी त्याला बूच मारतात. असे कदापि करू नये. तो गळतो म्हणूनच टाकी फुटत नाही. आणि बादलीत सोडायचा रॉड ज्यांच्या घरी असेल त्यांनी बटण बंद करून, पिन काढून, मगच पाण्यात बोट घालावे. पाणी तापले की नाही हे पाहण्यासाठी बोट घालणे ही कित्येकांच्या आयुष्यातली शेवटची गोष्ट ठरली आहे.

आता त्या मागे ठेवलेल्या वाक्याकडे येऊ. विस्तव आतच राहिला, असे आम्ही म्हटले. गॅस गीझर हा तो विस्तव. त्याची कथा लंडनमध्ये सुरू होते. 1868 साली बेंजामिन वॉडी मॉन नावाच्या रंगकाम करणाऱ्या गृहस्थाने गॅसच्या ज्योतीवर वाहते पाणी तापवणारे यंत्र काढले आणि आइसलंडमधल्या उष्ण कारंजाचे नाव त्याला दिले. तोच गीझर शब्द आज आपल्या घराघरांत आहे. मॉनच्या यंत्राला जळलेली हवा बाहेर नेणारी नळी नव्हती. दीडशे वर्षे होऊन गेली, यंत्र सुधारले. पण आपल्याकडे कित्येक न्हाणीघरांत तो पहिला दोष अजून जसाच्या तसा टांगलेला दिसतो.

ह्यात धोका कसा, ते आकड्यांनीच पाहावे. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गीझर जोरात चालू असताना मिनिटाला सुमारे 17 ग्रॅम गॅस जाळतो. तेवढा गॅस पुरता जळायला दोनशे लिटरांहून अधिक हवा लागते. आपले न्हाणीघर बहुधा चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच, म्हणजे आत साडेपाच घनमीटरांच्या आत हवा. दार लावले, थंडी म्हणून खिडकी लावली, आणि दहा मिनिटे पाणी सोडले, तर त्या खोलीतल्या हवेचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग ज्योत वापरून टाकते. प्राणवायू कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. ह्या वायूला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. सिलिंडरच्या गॅसला जो घाण वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. ज्योतीतून उठणाऱ्या ह्या विषाला तसा पहारेकरी नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ह्या वायूला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते. माणूस श्वास घेतच असतो, पण रक्त प्राणवायू वाहून नेत नाही. डोके जड होते, मळमळते, गरगरते, पाय लुळे पडतात. कडी उघडावी असे वाटते आणि हात उचलत नाही. घरच्यांना वाटते, आज आंघोळीला वेळ लागतो आहे. अशा बातम्या हिवाळ्यात वाचायला मिळतात. आणि त्यांत तरुण मुलेमुली, नवी लग्न झालेली जोडपी असतात.

कामगार चळवळीने एक गोष्ट शिकवली आहे. अपघाताला नशीब म्हटले की मालकाची जबाबदारी संपते. न्हाणीघरातल्या ह्या मृत्यूलाही नशीब म्हणू नये. उपाय अगदी साधा आहे: गॅस गीझर न्हाणीघरात बसवायचाच नाही. तो मोकळ्या गॅलरीत, जेथे वारा खेळतो तेथे बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणावी. सिलिंडरही न्हाणीघरात ठेवू नये. तोंड बंद असलेली डक्ट म्हणजे मोकळी जागा नव्हे. नुसता एक्झॉस्ट पंखा लावला म्हणजे भागले, असेही समजू नये. आत यायला हवेला वाट नसेल तर पंखा काही नवी हवा निर्माण करीत नाही. ज्योत निळी असावी. पिवळी दिसू लागली तर यंत्र बंद करून दुरुस्त करावे. भाड्याच्या घरात गीझर आधीच आत बसवलेला असेल तर घरमालकाला तो हलवायला सांगावे, आणि हलेपर्यंत बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, दार थोडा वेळ उघडे ठेवावे आणि मगच आंघोळीला बसावे. कुणी आत पडलेले आढळले तर आधी दार-खिडकी उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि 108 ला फोन करावा. शुद्ध आली तरी दवाखान्यात न्यावेच. एक तांत्रिक सूचनाही येथेच देतो. सिलिंडरवर चालणारा गीझर नळाच्या गॅसवर तसाच जोडता येत नाही. दोन्ही गॅस निराळे, त्यांची तोटी बदलावी लागते, आणि ते काम जाणकारानेच करावे.

राहिला सूर्य. उन्हावर पाणी तापवण्याच्या यंत्राचे पेटंट अमेरिकेतल्या बाल्टिमोर येथे क्लॅरेन्स केम्प यांनी 1891 सालीच घेतले होते. इस्राएलने 1980 साली नव्या घरांवर असे यंत्र बसवणे कायद्याने सक्तीचे केले. आपल्याकडे ऊन त्यांच्याहून कमी नाही. साधारणपणे दिवसाला 100 लिटर पाण्याला दोन चौरस मीटरची तापणारी पाटी लागते. ती दक्षिणेकडे तोंड करून कलती ठेवायची. तापलेले पाणी हलके होऊन वर टाकीत चढते, थंड पाणी खाली येते. ना पंप ना वीज. दोन प्रकार मिळतात. तांब्याच्या बारीक नळ्यांची सपाट पाटी टिकाऊ, पण जड पाण्यात तिच्या नळ्या क्षारांनी भरतात. काचेच्या जाड नळ्यांचा प्रकार जड पाण्याला बरा. मात्र गारपिटीने किंवा मुलांच्या चेंडूने नळी फुटते, ती बदलावी लागते. पावसाळ्यातल्या झाकोळलेल्या आठवड्यांसाठी टाकीला विजेची जोड ठेवावी.

सूर्य फुकट असला तरी गच्ची फुकट नसते. ती सर्वांची असते, आणि येथे आमचा जुना धंदा उपयोगी पडतो. बारा बिऱ्हाडांच्या सोसायटीत प्रत्येकाने गच्चीवर वेगळी टाकी ठेवायची म्हटले तर वरच्या मजल्याचे साधते आणि खालच्याचे फसते. कारण नळीतले पाणी. एक इंची नळीत दर मीटरला सुमारे अर्धा लिटर पाणी मावते. गच्चीपासून तळमजल्यापर्यंत वीस मीटर नळी असेल तर गरम पाणी येण्यापूर्वी दहा लिटर थार पाणी सोडावे लागते. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हे पाप आहे. उपाय असा: सर्वांची मिळून एक मोठी टाकी, नळीवर उष्णतारोधक आवरण, आणि तळाशी पोचलेले पाणी पुन्हा वर नेणारी परतीची नळी व एक लहानसा पंप. मग तळमजल्यालाही तोटी उघडताच गरम पाणी मिळते. शिवाय सभेत आणखी एक ठराव करून घ्यावा. सकाळी सात वाजता सगळी टाकी रिकामी झाली तर रात्रपाळीहून आठला येणाऱ्याने काय करायचे? त्याचा वाटा राखून ठेवला पाहिजे. जेथे गच्चीवर सावली पडते तेथे हीट पंपाचा विचार करावा. हा फ्रिजचा उलटा भाऊ: बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून पाण्यात घालतो आणि एका युनिटात सुमारे तीन युनिटांचे काम करतो. पहिला खर्च मोठा, म्हणून एकट्या बिऱ्हाडापेक्षा वसतिगृहाला किंवा सोसायटीला तो अधिक परवडतो.

मग घ्यायचे काय? आमचा सल्ला थोडक्यात असा. स्वतःची किंवा सामायिक गच्ची असेल आणि शेजारी एकत्र येत असतील, तर सूर्य आणि जोडीला वीज. गच्ची नसेल पण मोकळी गॅलरी असेल, माणसे बरीच असतील आणि तुमच्या कागदावर गॅस स्वस्त पडत असेल, तर गॅस, पण गॅलरीतच. दोन्ही नसेल तर माणसांच्या संख्येला पुरेल अशा टाकीचा विजेचा गीझर, स्वतंत्र तारेवर आणि आर.सी.सी.बी.च्या पहाऱ्याखाली. थर्मोस्टॅट 60 अंशांच्या वर नेऊ नये. आणि 60 अंशांचे पाणीसुद्धा लहान मुलाची कातडी काही सेकंदांत भाजते, म्हणून बादलीत आधी थंड पाणी आणि मग गरम, ही सवय घरात लावावी.

एक अखेरची गोष्ट. नवे यंत्र घेताना आपण दुकानदाराशी दोनशे-पाचशे रुपयांसाठी घासाघीस करतो, आणि बसवणाऱ्या मिस्त्रीलाही 'लवकर आटप' म्हणतो. यंत्र कारखान्यात तपासलेले असते; घरात मरण किंवा सुख आणते ती त्याची जोडणी. जो वायरमन अर्थिंग तपासल्याशिवाय बटण दाबत नाही, जो प्लंबर 'येथे हवा नाही, येथे गीझर बसवणार नाही' असे तोंडावर सांगतो, त्याला पूर्ण मजुरी द्या आणि त्याचे ऐका. पौषाला अजून सात महिने अवकाश आहे. आज घरी गेल्यावर न्हाणीघराची खिडकी उघडते की नाही, एवढे तरी पाहून घ्या.